मामंजींचा ठिय्या

माझ्या वहिनीला मासे खायला आवडत नाहीत, साफ करायला जमत नाहीत, आणि पोट मात्र माशांवरच चालतं. नदी खात्यात ती माशांचा माग काढते. नणंद म्हणून तिची खोड काढणं हा माझा हक्क आहे आणि तो मी सोडलेला नाही. पण तिच्याइतकं चिवट माणूस मी पाहिलेलं नाही, हेही एकदाचं सांगून टाकते.

तिचं काम असं. पाणी कोमट होऊ लागलं की लांब मिशांचे ते मासे खालच्या डोहांतून प्रवाहाविरुद्ध वर निघतात आणि उथळ पाण्यात, गोट्यांमध्ये अंडी घालतात. मादी अंडी घालून चालती होते. नर पिल्लं मोठी होईपर्यंत राखण करतो. वहिनी मोजक्या माशांच्या पाठीवर बोटाच्या पेराएवढं यंत्र बसवते आणि मग हातात अँटेना, कानाला हेडफोन, अशी काठाकाठाने हिंडते. प्रत्येक माशाची टकटक वेगळ्या नंबरावर लागते. त्यातल्या सगळ्यात मोठ्या नराला ती मामंजी म्हणायची, कारण मिशा थेट आमच्या बाबांसारख्या. बाबांना हे कळल्यावर ते रोज जेवताना विचारायचे, "काय सूनबाई, आज मी कुठवर पोचलो?"

अंडी घालायच्या दिवसांत पाण्यात पाऊल टाकायचं नाही, हा तिचा नियम. मासे बिचकतात. जे ऐकायचं ते पुलावरून किंवा काठावरून.

गेल्या वर्षी एक टकटक एकाच जागी थांबली. नर अंड्यांवर बसलाय म्हणत तिने बंधाऱ्याची दुरुस्ती अडवून धरली. शेवटी तिथे चिखलात गळून पडलेलं नुसतं यंत्र सापडलं. ऑफिसात तिची यथेच्छ टिंगल झाली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. यंदा बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला मामंजी जागचे हलेनात, तेव्हा तिने पुलावरूनच निकाल दिला: मासा मेला किंवा यंत्र पडलं, दुरुस्तीसाठी बंधाऱ्याचं पाणी सोडायला हरकत नाही. तशी सहीसुद्धा केली.

बंधाऱ्याची दारं सोमवारी सकाळी उघडणार होती. रविवारी आम्ही दोघी पडद्याचं कापड घेऊन परतत होतो आणि पुलाजवळच स्कूटर पंक्चर झाली. पंक्चरवाल्याकडे आधीच दोन गाड्या होत्या. वेळ घालवायला म्हणून वहिनीने डिकीतून अँटेना काढली. एरवी ती जागा टिपून पुढे जायची, आज बसून ऐकत राहिली. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"काय झालं गं?"

"आवाज बारीक होतोय, मोठा होतोय. पडलेलं यंत्र असं वाजत नाही. काहीतरी तिथल्या तिथे फिरतंय." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "दारं उघडली की इथलं पाणी उतरणार. अंडी असली तर उद्या दुपारपर्यंत उन्हात वाळतील. माझ्या सहीने."

चपला काढून ती सरळ पाण्यात उतरली. मी कापडाचं गाठोडं छातीशी धरून काठावर उभी. पाणी गढूळ, काही दिसत नव्हतं. ती गुडघाभर पाण्यात अगदी सावकाश पुढे सरकली आणि एकदम किंचाळली.

"चावला! अगं, चावला मला!"

मेलेला मासा नडगीला चावतो, हे मी पहिल्यांदाच बघत होते. वहिनी पाण्यात उभी राहून हसत होती आणि डोळे घळाघळा वाहत होते. मग आली तशीच, एकेक पाऊल मागे टाकत, बाहेर आली.

तिथूनच तिने साहेबांना फोन लावला. ते आधी भडकले. माणसं, क्रेन, सगळं ठरलेलं होतं. शेवटी मऊ आवाजात म्हणाले, "ठीक आहे, थांबवतो. पण यंत्र बिघडलं होतं असं सांगू या. गेल्या वर्षीचं कोणी विसरलेलं नाही, तुमचंच हसं होईल."

मी खुणा करत होते, हो म्हण, हो म्हण.

"नको सर," वहिनी म्हणाली. "यंत्र बरोबरच सांगत होतं, ऐकण्यात मी चुकले. आज यंत्रावर ढकललं, तर पुढच्या वेळी त्याचं कोण ऐकेल?"

मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला. हसं व्हायचं ते झालंच. "काय मॅडम, आज कोण मेलं, कोण उठलं?" असं लोक जाता-येता विचारत आणि ती त्यांच्यासोबत हसत असे. दारं मात्र बंद राहिली.

पुढे पाणी निवळल्यावर एका सकाळी ती मला पुलावर घेऊन गेली. खाली उथळ पाण्यात काळा ठिपका हलत होता. नीट पाहिलं तर ती पिल्लं होती, मोजता न येण्याइतकी. शेजारी मामंजी, पार वाळलेले. राखण करताना नर काही खात नाही, असं वहिनी म्हणाली. मग कठड्यावरून वाकून, घरात बाबांशी बोलते त्याच अदबीने म्हणाली, "मामंजी, चुकलं हं माझं."