पलीकडच्या उतारावरची शीळ

अपोलोनियाचा नवरा घरात बोलत नसे. उंबरठ्याच्या आत फिदेंसियोच्या तोंडाला कुलूप. खोरं ओलांडून समोरच्या कॉफीच्या उतारावर गेला, की हाच माणूस शिळेतून अखंड बोलायचा. आम्हा डोंगरातल्या लोकांच्या मासातेक बोलीत प्रत्येक शब्दाला आपली उंची असते. एकच अक्षर वर म्हटलं तर एक, खाली म्हटलं तर दुसरं, घसरवलं तर तिसरंच. काम मी केलं की त्यानं, हेसुद्धा पुष्कळदा सूरच सांगतो. म्हणून अक्षरं गाळून नुसता सूर शिळेवर घातला तरी बोलणं पोचतं, आणि हाक पोचत नाही तिथवर पोचतं.

बायकांना यातलं सगळं कळतं, पण बाई शीळ घालत नाही. लहानपणी घातलीच तर आई पाठीत धपाटा घालते. त्यामुळे चाळीस वर्षं अपोलोनियानं फक्त ऐकलं. दुपारी ती मक्याचं पीठ थापत असायची, ढग खोऱ्यातून वर यायचा, आणि त्यातून फिदेंसियो सांगायचा, "घर दिसत नाही. तुझा धूर तेवढा दिसतोय. माझ्या शेजारी एक निळा पक्षी येऊन बसलाय, उडतच नाही." ती डोळे मिटून ऐकायची. ढगच आपल्याशी बोलतोय असं तिला वाटायचं. एकदा त्यानं तिच्या मोकळ्या केसांची तारीफ केली, तीही अख्ख्या खोऱ्याला ऐकू जाईल अशी. आठवडाभर झऱ्यावरच्या बायका विचारत होत्या, "काय गं, आज केस नाही धुतलेस?" तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि आतून फार बरंही वाटलं.

मग एका वर्षी फिदेंसियोचे पुढचे दात पडले. शिळेतून नुसती हवा यायला लागली. दुकानापुढचे गडी म्हणाले, "मामा, किटली उतरवा, पाणी उकळलं." तोही त्यांच्याबरोबर हसला, घरी आला, आणि पुन्हा उतारावर गेला नाही. गुडघे दुखतात म्हणे. चर्चचा चढ मात्र त्याच गुडघ्यांनी चढायचा. शहरातून कवळी आणली, तिनं उरलीसुरली शीळही गेली. आता तो दिवसभर चुलीजवळ गप्प बसायचा. स्वतःचेच हात मांड्यांखाली दाबून बसलेल्या माणसासारखा तो अपोलोनियाला दिसायचा.

कॉफीची फळं लाल झाली, गळायला लागली. शेवटी चुलीवर घेवडा ठेवून, टोपली घेऊन तीच गेली.

दुपारी ढग वर आला. घर गेलं, वाट गेली, स्वतःचे पायही दिसेनात. इथं बसून तो माणूस रोज हेच पाहत होता तर, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं ओठांचा चंबू केला. आधी नुसती फुंकर निघाली. मग सूर आला, थरथरत, पण खरा.

"फिदेंसियो, ढग आलाय. घर दिसत नाही. आहेस ना तिथं?"

आसपासच्या उतारांवरचे कोयते थांबले. तिचे कान लाजेनं तापले. तरी तिनं पुन्हा शीळ घातली, "घेवडा करपवू नकोस."

कुठंतरी एक पुरुष खो खो हसला. घराकडून काही आलं नाही.

संध्याकाळी ती परतली तेव्हा फिदेंसियो दारात उभा होता. करपल्याचा वास अंगणापर्यंत आला होता.

"सगळ्या खोऱ्यानं ऐकलं," तो म्हणाला.

"ऐकू दे."

"कुणी शिकवलं तुला?"

"चाळीस वर्षं दुसरं काय ऐकलंय मी?"

तो आत वळला. तिला वाटलं, संपलं. त्यानं खाली बसून दोघांना घेवडा वाढला आणि ताटलीकडे बघत म्हणाला, "तू बोललीस तेव्हा मी दारातच होतो. ढग इथवर आला होता. आत येऊन पायाशी बसला. मांजर वाटलं मला." कवळी काढलेल्या तोंडातून अक्षरं फुसफुसत होती, पण सूर जिथल्या तिथं होते. मग त्या निळ्या पक्ष्याचं निघालं, मग आणखी कशाकशाचं. अपोलोनिया करपलेला घेवडा खात राहिली. तो अळणी होता. पण मधे बोललं तर हा थांबेल, या धास्तीनं तिनं मीठसुद्धा मागितलं नाही.