आणखी एका शब्दाखाली

अक्का गेल्याची तार कल्याणहून आली तेव्हा मी ठाण्याच्या वाचनालयात पुस्तके मांडत होतो. तेच माझे काम. ती तार येऊन आता दीड महिना होईल...

अक्का माझी थोरली बहीण. तिच्या यजमानांनी तिला हौसेने वाचायला शिकवले आणि ते तरुणपणीच गेले. पुढे ती सासरीच राहिली. घरात धाकटी जाऊ यमुना. यमुनेची दोन मुले जन्मल्यावर आठवडाभरातच आचके येऊन दगावली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा अक्काचे पत्र आले, बाळंतपणावरचे पुस्तक पाठव. मी आमच्या यादीत 'ब' पाहिला आणि नाही म्हणून कळवले. चार दिवसांनी अक्काच दारात उभी. बायका वाचनालयात येत नसत, म्हणून उघडण्याच्या वेळेआधी तिला आत बसवले.

"कुठे शोधलंस?"

"ब मध्ये. यादी पुस्तकांच्या नावांची आहे, अक्का."

"लिहिणारा डॉक्टर असेल. तो बाळंतपण कशाला म्हणेल?"

तिने पाटीवर शब्द मांडले: प्रसूति, गर्भिणी, सुईण, अर्भक. एकेक शब्द घेऊन आम्ही यादी चाळली. 'ग' खाली एक पुस्तक सापडले. मला वाटले, झाले काम. अक्का मात्र उठेना. "याच विषयाची बाकीची कुठे आहेत?" मला सांगता येईना, कारण मांडणीही नावांचीच आणि या पुस्तकाच्या शेजारी गणित होते. मग वैद्यकाची म्हणून जी जी होती ती सगळी कपाटांतून काढली. त्यांतल्या एकात, ज्याच्या नावावरून काहीच कळले नसते, नाळेचे प्रकरण निघाले. नाळ कापायचे हत्यार उकळत्या पाण्यातून काढावे, जखमेला राख लावू नये. अक्काने ते दोनदा वाचले... दोन्ही खेपांना चुलीतली राख तिनेच आणून दिली होती.

पुस्तक घेऊन ती परतली. सुईण ऐकेना. "बाय, मना शिकवतेस? सगल्या गावची पोरां माज्याच हातची."

"शिकवत नाही. वाचून दाखवते," अक्का म्हणाली, आणि रोज दुपारी तिला बोलावून वाचत राहिली. बाळंतपणाच्या दिवशी सुईणीने आपण होऊन आधण मागितले. मुलगी झाली. आठवा दिवस गेला, बारावा गेला, बारसे झाले.

महिन्याभरात अक्काने मला लिहिले, यादी विषयवार कर. वाचनालय चालवणाऱ्या मंडळींनी खर्चाचे आणि वेळेचे कारण सांगून नकार दिला, म्हणून मी ती सकाळी लवकर येऊन लिहू लागलो. दोन वर्षे लागली. अक्का बायकांच्या तोंडचे शब्द कार्डावर लिहून पाठवी आणि मी ते योग्य विषयाशी जोडी. 'बाळंतपण: प्रसूति पहा.' 'आचके: धनुर्वात पहा.' पुढे मंडळींनीच ती यादी छापली.

तार आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे शेवटचे कार्ड पोचले. अक्षर वाकडे झाले होते. "आळीत माझ्यासह पाच जणांना ताप आहे. ज्वर, विषमज्वर दोन्ही पाहा. तिथे उपाय मिळाला नाही तर विहीर, पाणी या शब्दांखाली पाहा."

तेराव्यानंतर मी पाहिले. 'पाणी' खाली एक पुस्तक सापडले. ते पुस्तक घेऊन दर रविवारी कल्याणला जातो. आळीतली माणसे विहिरीपाशी जमतात. पाणी उकळून का प्यावे ते मी वाचून दाखवतो. पहिल्या रविवारी तिघे होते, परवा अकरा जण आले.