बेबी ऑफ रेखा

धुळ्याच्या आमच्या लॅबमध्ये रक्त मुक्कामाला राहत नाही. काढायचं, थंड डब्यात बांधायचं, संध्याकाळच्या गाडीने मुंबईला धाडायचं. माणसं जे बोलून जातात ते मात्र इथेच साठतं. चौदा वर्षं सुया टोचतेय, बघा किती साठलं असेल!

मागच्या महिन्यातलंच घ्या. दोंडाईच्याकडची रेखा आठ दिवसांचं बाळ घेऊन आली. हृदयात दोष, चेहऱ्यावरून डॉक्टरांना शंका, म्हणून क्रोमोसोमची टेस्ट. बारशाआधी बाळाला नाव नसतं, त्यामुळे ट्यूबवर आम्ही आईचं लिहितो, 'बेबी ऑफ रेखा'. बारसं चार दिवसांवर आलेलं, आत्या कानात नाव सांगायला पुण्याहून निघालेली. पण सासूबाई ठाम, "आधी रिपोर्ट येऊ दे, मंग नाव ठेवसूत!"

रिपोर्टला तीन आठवडे लागतात. मी म्हटलं, "अहो अक्का, नावाचा आणि रिपोर्टचा काय संबंध?" अक्कांनी असं पाहिलं की मी मुकाट्याने पट्टी लावली. रेखा बाळाचं टोपरं सारखं करत राहिली.

*

त्याच आठवड्यात शिंदखेड्याचे एक नाना नातवाच्या रिपोर्टसाठी आले. आमच्या डॉक्टर मॅडमनी चित्र काढून समजावलं, सगळ्यांना सेहेचाळीस क्रोमोसोम असतात, याला सत्तेचाळीस. नानांचा चेहरा खुलला.

"जास्त शे ना? कमी तर नही! मंग काढी टाका!"

"नाना, तो त्याच्या अंगाच्या कणाकणात आहे."

नानांनी मांडीवरच्या पोराची मूठ उघडली, एकेक बोट पाहिलं. "मंग राहू द्या," म्हणाले.

*

मुलगा की मुलगी सांगत नाही, असा हा मोठा बोर्ड आहे आमच्याकडे. तरी एक भाऊ दर फोनला विचारायचे, "पेढे आणू की जिलेबी, एवढंच बोला!"

"भजी आणा, गरम!" मी म्हणायची.

बायकोच्या पोटातल्या बाळाभोवतीचं पाणी तपासायला गेलं होतं. रिपोर्ट वाईट आला. भाऊ पाकीट घेऊन बाकावर बसून राहिले. उठताना म्हणाले, "जिलेबी चालली असती हो, ताई."

*

फैजपूरची एक सून. तीनदा दिवस गेले, तीनदा पोट पडलं. सासू सगळ्या पेशंटांसमोर म्हणायची, "हिच्यातच खोट आहे!" मग घरातल्या सगळ्यांचं रक्त पाठवलं. सून नॉर्मल! दोष सासूच्या मुलात, आणि त्याला तो आईकडूनच आलेला. मला वाटलं, बरी जिरली!

बाई सुनेचा हात धरून म्हणाली, "माझे चार गेले गं. मला सासूनं डाकीण ठरवलं होतं."

मला माझीच लाज वाटली.

*

मोबीनभाई टेलर मुलीला दरवर्षी थायरॉईडच्या टेस्टला आणतात. ज़ोया आठ वर्षांची, डाउन सिंड्रोमची. मी सुई काढली की तीच मला थोपटते, "हो गया, रो मत!" फ्रॉक तर असे सुंदर! मी म्हटलं, "भाई, कुठून घेता?"

"रेडिमेड इसको बैठता नहीं. मैं ही सिलता हूँ." मग कात्रीसारखी दोन बोटं नुसतीच हलवत राहिले. "मेरे बाद इसका माप कौन लेगा, ताई?"

*

तीन आठवड्यांनी रेखा एकटीच आली. सवयीने मी विचारलं, "बाळ कसंय?" मेली ती सवय!

"मंगळवारी गेलं," ती म्हणाली.

रिपोर्ट तिने उघडलाच नाही. पाकिटावरचं तेवढं वाचलं. "ताई, इथे 'बेबी ऑफ रेखा' आहे. बाळाचं नाव टाकून मिळेल? कुठेच लिहिलेलं नाही हो. दवाखान्याच्या कागदावर पण हेच."

नाव बदलायचं तर अर्ज लागतो, जन्मदाखला लागतो. नियम मला पाठ आहेत. मी पेन उचललं.

"पण बारसं तर..."

"मीच ठेवलं होतं. मनात. कोणाला सांगितलं नाही."

"मला सांग."

तिने मागे वळून पाहिलं. बाकावर कोणी नव्हतं. मग ती काउंटरवरून वाकली, आणि माझ्या कानाशी तोंड आणून तिने नाव सांगितलं.