सहा वजा

योगराज बोरसे हे मोबाईलच्या बाबतीत महाभित्रे गृहस्थ. सूरतच्या एका खाजगी आयटीआयमध्ये सोळा वर्षं ते जमीनमोजणी शिकवत होते. भर उन्हात तीस पोरांना एका नजरेत सरळ करायचे. पण फोनवर समोरचा माणूस काहीतरी लिहितोय असं दिसलं की ते फोन पालथा ठेवून द्यायचे. आता हा काय विचारतो, आणि आपल्याला नाही आलं तर?

म्हणून मोजणीवाल्यांच्या त्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरायला त्यांनी दोन वर्षं घेतली. गुजरातेतले आणि खानदेशातले सातशेच्या वर सर्व्हेअर त्यात होते. कुणी मेट्रोच्या कामावर, कुणी हजीऱ्याच्या कारखान्यांत, कुणी रिटायर होऊन नुसते सल्ले वाटणारे. शेवटी त्यांच्या मुलीनं, धनश्रीनं, त्यांचा फोन हातातून काढून घेतला आणि लिंक दाबून टाकली. "झालं पप्पा. एमां शुं? त्यात काय एवढं?" ती म्हणाली आणि कॉलेजला निघून गेली. सर तसेच खुर्चीत बसून राहिले.

स्वतःची ओळख चार ओळींत लिहायला त्यांना अख्खी संध्याकाळ लागली. लिहून पाठवली मात्र, आणि हात जोडलेली चित्रं पावसासारखी पडू लागली. त्यात जुने विद्यार्थी निघाले. 'सर, तुम्ही इथे!' 'आमचे गुरुजी आले!' ग्रुप चालवणारे गोपालभाई, सत्तरीचे निवृत्त सर्व्हेअर, त्यांनी जाहीरच केलं की आता शंका आल्या तर बोरसे सरांना विचारा. सर सुखावले. खोटं कशाला बोला, चांगलेच सुखावले. आठवडाभर ते डिंडोलीच्या गल्लीतून जरा छाती काढून चालले.

त्याच ग्रुपात त्यांच्या संस्थेचे ट्रस्टीही होते, हे त्यांना पाचव्या दिवशी कळलं. सरांची नेमणूक वर्षावर्षाच्या करारावर होती आणि यंदाचा करार अजून सहीविना टेबलावर पडला होता. त्या दिवसापासून ते प्रत्येक उत्तर पाठवण्याआधी तीनदा वाचू लागले.

मग तो रविवार आला. सव्वाबारा वाजले होते. बायको माहेरी नवापूरला गेलेली, स्वयंपाकघरात त्यांची आई शोभाबाई बट्ट्या तळत होती. फोन वाजला. ग्रुपवर प्रियांकाचा मेसेज होता.

प्रियांका त्यांची विद्यार्थिनी, पाच वर्षांपूर्वीची. मोजणीच्या वर्गात आलेली पहिली मुलगी. तिनं लिहिलं होतं की हजीऱ्याला एका टाकीच्या पायाचं काम आहे. ती लेव्हल घेतेय. उंच भागातले आकडे आधीच्या सर्व्हेअरशी तंतोतंत जुळतात, खोल खड्ड्यातले मात्र सहा सेंटीमीटरनं चुकतात. दोनदा घेतले, दोन्हीदा सहा. मशीन नवं, पट्टीही नवी. दोनला काँक्रीट पडणार. साहेब म्हणतात मुलींचं हे कामच नाही, उद्यापासून दुसरा माणूस बघतो. शेवटी लिहिलं होतं, 'फोन गेटवर जमा करून आत जातेय. कुणाला कारण सुचलं तर इथेच टाका, साइट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हा ग्रुप उघडा असतो.'

लगेच उत्तरं सुरू झाली. कुणी म्हणालं मशीन तपासायला पाठव. कुणी म्हणालं पट्टी धरणारा डुलत असेल. एकानं हसरं तोंड टाकून लिहिलं, 'ताई, शिकलात कुठे?'

सरांनी तो सहाचा आकडा पुन्हा वाचला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

हे काय होतं ते सांगायला हवं. लेव्हल घेताना दुर्बीण तिपाईवर ठेवतात आणि समोर एक माणूस आकड्यांची उभी पट्टी धरतो. दुर्बिणीतून पट्टीवरचा जो आकडा दिसेल त्यावरून जमीन किती उंच, किती खोल ते काढतात. पट्टी ॲल्युमिनियमची असते, एकात एक सरकणाऱ्या खणांची. जमीन खोल असली की वरच्या खणावरचा आकडा वाचावा लागतो. तो खण वर ओढला की टक्कन आवाज होऊन जागेवर बसतो. संस्थेत अशी पट्टी एकच, आणि तिचा खटका फार पूर्वी तुटलेला. सरांनी चार अर्ज केले. नवी पट्टी आली नाही. मग त्यांनी स्वतः उधन्याच्या बाजारातून नटबोल्ट आणून तो खण पक्का केला. पक्का झाला, पण सहा सेंटीमीटर खाली. म्हणजे वरच्या खणावर वाचलेला प्रत्येक आकडा सहानं जास्त. त्यावर उपाय सोपा होता. सहा वजा करायचे.

पहिल्या दोन बॅचना सरांनी तो बोल्ट दाखवला होता, कारण सांगितलं होतं. पुढे त्यांना लाज वाटू लागली. फी भरून आलेल्या पोरांना मोडकी पट्टी कोणत्या तोंडानं दाखवायची? बोल्टवर त्यांनी काळी टेप गुंडाळली आणि वर्गात नुसतं सांगू लागले, "वरचा खण आला की सहा वजा. पाठ करा." पोरांनी पाठ केलं. प्रियांकानं तर वहीच्या पहिल्या पानावर चौकट करून लिहिलं होतं. सरांनीच त्या पानावर सही केली होती.

पोरगी नव्या कोऱ्या पट्टीवर सहा वजा करत होती.

त्यांनी तिला फोन लावला. बंद. मेसेज टाकला, एकच बरोबरची खूण आली. अर्थात, फोन गेटवर पडलेला. साइट ऑफिसचा नंबर कुणाकडे मागावा? मागितला तर कशाला हवा ते सांगावं लागणार. राहता राहिला ग्रुप. सातशे माणसं, गोपालभाई, आणि ट्रस्टी.

त्यांनी लिहायला घेतलं. 'प्रियांकाने कदाचित पट्टी वाचताना...' खोडलं. यात चूक तिची दिसत होती. 'काही संस्थांमध्ये जुन्या पट्टीमुळे...' तेही खोडलं. कोणत्या संस्थांमध्ये, असं कुणीतरी विचारणारच. एकाला दहा मिनिटं होती. सरांनी पुन्हा पहिलंच वाक्य लिहिलं, ते अर्धवटच राहिलं.

"योग्या, जेवाले ये ना रे," शोभाबाईनं हाक मारली. "वरण थंडं व्हयी ऱ्हायनं."

"आतेच येस माय."

ते उठले, पाटावर बसले, बट्टी कुस्करली. घास काही तोंडापर्यंत गेला नाही. करार गेला तर? पंचेचाळिसाव्या वर्षी कोण घेणार? धनश्रीचं कॉलेज अजून दोन वर्षं आहे. शिवाय ती पोरगी हुशार आहे, तिला स्वतःच कळेल. कळेल? पाठ केलेलं कुणाला कळतं का कधी? असं स्वतःलाच विचारून त्यांना स्वतःचाच राग आला.

शोभाबाई त्यांच्याकडे बघत होती. "तोंड का बरं उतरी गयं तुन्हं? कोनी काही बोलनं का?"

"कोनी नही माय. मीच चुकनू."

"मंग सांगी दे ना ज्याले सांगानं त्याले," म्हातारी म्हणाली आणि ताटात आणखी तूप सोडलं.

धनश्री दारात उभी होती. तिनं बापाच्या हातातला फोन, त्यावर तेच ते अर्धवट वाक्य पाहिलं. "पप्पा, लखी नाखो ने. लिहून टाका," ती हळूच म्हणाली. या वेळी तिनं फोन हिसकावला नाही.

सरांनी तुपाचा हात तसाच सदऱ्याला पुसला. एक बावीस झाले होते. त्यांनी लिहिलं:

'साइट ऑफिस, ताबडतोब वाचा. प्रियांकाची चूक नाही, मशीनचीही नाही. चूक माझी. आमच्या संस्थेची पट्टी मोडकी होती, वरचा खण सहा सेंटीमीटर खाली. म्हणून मी मुलांना सहा वजा करायला शिकवलं आणि कारण लपवलं. ती नव्या पट्टीवरही वजा करते आहे. खड्ड्यातले सगळे आकडे वजा न करता पुन्हा मांडा, जुळतील. तोवर काँक्रीट थांबवा. योगराज बोरसे.'

पाठवलं. कुणी हात जोडले नाहीत, कुणी हसरं तोंड टाकलं नाही. सर फोन मांडीवर ठेवून पंख्याकडे बघत बसले. पावणेदोन झाले. दोनला पाच कमी. हजीऱ्याला आता काँक्रीटच्या गाड्या रांगेत उभ्या राहिल्या असतील, एकीचा ड्रम फिरत असेल.

दोन वाजून नऊ मिनिटांनी साइट ऑफिसच्या इंजिनियरचा मेसेज आला. 'मॅडमनी आकडे पुन्हा मांडले. सगळे जुळले. काम उद्या सकाळी. लेव्हलला मॅडमच उभ्या राहतील.'

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलंही नाही. गोपालभाईंनी लिहिलं, 'भाई, मोटी वात करी. मोठं काम केलंत.' ट्रस्टींच्या बाजूनं मात्र काहीच आलं नाही. फक्त त्यांनी मेसेज पाहिल्याची नोंद दिसत होती. तो घोर उद्याचा होता. सर पुन्हा पाटावर बसले आणि थंड वरणात बट्टी कालवली.

दुसऱ्या घासाला फोन वाजला. २०१७ च्या बॅचचा कुणीतरी होता. 'सर, मीपण करतो.'

घास हातातच राहिला. प्रियांका ग्रुपात होती म्हणून कळलं. हा ग्रुपात होता म्हणून बोलला. जे ग्रुपात नाहीत त्यांचं काय? पहिल्या दोन सोडून चौदा बॅच. बरेच जण आता टोटल स्टेशन या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर काम करतात, त्यांना पट्टी लागत नाही. काहींनी धंदाच सोडला, साड्यांच्या दुकानात बसले. तरी किती उरतात? कोण कुठे, कोणत्या खड्ड्यात उभा राहून, डोक्यातल्या डोक्यात सहा वजा करतोय?

त्यांनी हात धुतले. कपाटातून हजेरीच्या जुन्या वह्या काढल्या, धूळ झटकली आणि तिसऱ्या बॅचची वही जमिनीवर उघडली. नावांपुढे तेव्हाचे घरचे नंबर होते. पहिले दोन लागलेच नाहीत. तिसरा वैभवच्या घरी लागला, तिथून त्याचा नंबर मिळाला. वैभव मागच्या बाकावरचा, दिवसातून दोनदा ओरडा खाणारा. तो आता एका कालव्याच्या कामावर होता.

"सर! तुम्ही!" आवाजातला आनंद अगदी खरा होता. "बोला ना सर, काय सेवा?"

"वैभव, पट्टी वाचतोस ना अजून?"

"रोज."

"वरचा खण आला की काय करतोस?"

"सहा वजा, सर," वैभव ठासून म्हणाला. "बारा वर्षं झाली. इथे सगळे हसतात मला, म्हणतात हे कुठलं नवीनच. मी सांगतो, हसा खुशाल, आमच्या सरांनी शिकवलंय."