बाशिंगावरची उर्दू अक्षरं

पोलीस ॲक्शनच्या आधीचा वैशाख होता. कळमनुरीत आमच्या घरी डोंगरकडा गावच्या गोदाचं बाशिंग करायचं होतं, लग्न चार दिवसांवर आलेलं… आणि घरात बेगड नव्हती.

मी आता चौऱ्याण्णव वर्षांची आहे. सांगते मी, फोनवर लिहिते नात. चुका तिच्या धराव्यात.

आमचा पिढीजात धंदा बाशिंगांचा. कागद, बेगड, काचेचे मणी, एवढंच आमचं भांडवल. पण त्या वर्षी निजामाच्या राज्यात बाहेरचा माल येणंच बंद झालं होतं. त्यात वडील हिवतापाने अंथरुणाला खिळलेले. हातात कातर धरवेना, तेव्हा म्हणाले, "या खेपेला तूच कर."

गोदा माझ्याच वयाची, सतरा वर्षांची. गावोगाव हत्यारबंद टोळ्या फिरत होत्या, लोक पोरीबाळींना हद्दीपलीकडे वऱ्हाडात धाडत होते. गोदाच्या वडिलांनी पलीकडचाच मुलगा पाहिला. लग्न लावायचं आणि त्याच दुपारी तिला गाडीत बसवून हद्द ओलांडायची, असं ठरलं होतं. दुसरा मुहूर्त बघायला कुणाला वेळ नव्हता.

मी हॉटेलवाल्याकडून चहाच्या रिकाम्या पुड्यांतला चंदेरी कागद मागून आणला. वाटीच्या बुडाने घासून सपाट केला. छापलेली बाजू आत ठेवून चिंचोक्याच्या खळीने एकेक पाकळी चिकटवत गेले… हुबेहूब बेगड.

मधल्या फुलासाठी मात्र एकच तुकडा उरला आणि त्याची कोरी बाजू खरचटलेली. नाइलाजाने छापलेली बाजू वर घेतली. त्यावर उर्दू अक्षरं होती, मला ती वाचता येत नव्हती. त्यांच्यावर लाल मणी दाटीने बसवले आणि झाकून टाकली. वडिलांना यातलं काही सांगितलं नाही. शुभकार्याला वापरलेला कागद त्यांना कधीच चालला नसता.

लग्नाच्या दिवशी आई आणि मी बैलगाडीने डोंगरकड्याला गेलो. बाशिंगाची टोपली सगळी वाट मी मांडीवर धरली होती.

मांडवात पोचल्यावर फडकं काढलं. गाडीच्या हिसक्यांनी मधले मणी गळून टोपलीच्या बुडाशी पडले होते. फुलातली अक्षरं लख्ख दिसत होती… जवळ खळ नव्हती, आणि तिकडे अक्षता वाटायला सुरुवात झालेली. आई म्हणाली बांधून टाक, कोण बघतंय. मी बांधलं.

बघितलं ते नवऱ्या मुलाच्या मामांनी. मामा वऱ्हाडातले, त्यांना उर्दू येत नव्हती. पण लिपी कुठली ते कळत होतं, आणि त्या साली तेवढंच पुरे होतं.

"नवरीच्या कपायावर हे काहून लिवलं? कोनं लिवलं?"

वाजंत्री थांबली. वाटेत टोळीवाल्यांना गोदाला ओळखता यावं म्हणून कुणीतरी केलेली ही खूण आहे, असं मामांच्या मनाने घेतलं. याचा उलगडा झाल्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही, म्हणाले. गोदाचे वडील माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगितलं तर बाशिंग अशुभ ठरणार, नाही सांगितलं तर लग्न मोडणार…

गावातल्या शाळेचे मुन्शीजी मांडवाच्या एका टोकाला बसले होते. पांढरी दाढी, साठीचे. गोदाचे वडील लहानपणी त्यांच्याच हाताखाली शिकलेले. त्या दिवशी वऱ्हाडाकडच्या मंडळींनी त्यांच्या शेजारची जागा मोकळीच सोडली होती. ते उठले, चष्मा नीट केला आणि गोदापुढे वाकून वाचू लागले. जरा जास्तच वेळ लावला…

"असली," ते मामांना म्हणाले. "असली म्हंजे अस्सल. आमच्याकडं चांगल्या मालावर लिवतात."

मामांनी विचारलं, खालची बारीक अक्षरं काय आहेत? मुन्शीजी म्हणाले, तेच लांबवून सांगितलंय. मामांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा गोदाकडे पाहिलं.

"मंग धरा अंतरपाट."

मी खांबाला धरून खाली बसले… मंगलाष्टकं कानावर पडलीच नाहीत.

पंगतीच्या आधी मुन्शीजी माझ्याजवळून गेले. हळूच म्हणाले, "बेटी, खाली लिवलंय, पाणी खूब उकळू द्या." आणि पुढे चालू लागले. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही.

दुपारी गोदाची गाडी निघाली. घरी आल्यावर मी वडिलांना सगळं सांगून टाकलं, अगदी चहाच्या पुड्यांसकट. वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगी पोचली का?"

मला ठाऊक नव्हतं. पुढे बाजाराला आलेल्या डोंगरकड्याच्या प्रत्येक माणसाला मी तेच विचारायची. पंधरा दिवसांनी कळलं, गोदा सुखरूप पोचली.

भादव्यात निजामाचं राज्य गेलं. मग दिवस उलटे फिरले, मुसलमान घरांवर वाईट वेळ आली. मुन्शीजींचं काहीच कळेना. बाजारात विचारलं की लोक नजर चुकवायचे…

दिवाळीच्या तोंडावर गोदाचे वडील आमच्या दारात आले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि तो त्यांच्या हातात देण्याआधीच विचारलं, मुन्शीजी आहेत का?

"व्हय, आमच्याच घरी व्हते इतके दिस," ते म्हणाले. "आता परत शाळेत शिकवायला जातात."

मी आत जाऊन आईला सांगितलं. तिने पदराला हात पुसले आणि देवापुढे जाऊन उभी राहिली. मी तिथेच चुलीपाशी बसून पोटभर रडले.

त्यानंतर कितीतरी बाशिंगं केली, लोकांनी नावाजली. पुष्कळ सुख पाहिलं… पण दोन माणसं जिवंत आहेत, एवढ्यावर इतकं हलकं वाटलेलं मला दुसरं आठवत नाही.