मांडूचा घाट आणि दाजींचा लोहार

मोटारखान्यात दोन गोष्टी साचतात, काजळी आणि किस्से. काजळी खरवडली की निघते. किस्से मात्र चार माणसं जमली की आणखी जाड होतात! धारच्या मोटारखान्यातले माझ्याकडे इतके साचलेत की कुठला आधी सांगू ते कळत नाही. तर लोहारापासूनच सुरुवात करतो.

* * *

आमच्या सरदारसाहेबांकडे मोटार आली तेव्हा पागेतले दाजी मोटारखान्याचे मुख्य झाले. मी त्यांच्या हाताखालचा फिटर. तिसरा भेरू, पन्नाशीचा मालवी गडी, मोटार धुवायला. त्याचा स्वतःचा एक पेट्रोलचा जुना डबा कोपऱ्यात असे आणि त्याला कुणी हात लावलेला खपत नसे. विचारलं की म्हणायचा, "घुटने की दवा है, भिया!"

दाजींचे साडू देवासला दुसऱ्या एका सरदारांची मोटार चालवायचे. घरातल्या एका मुंजीत, भर पंगतीत ते म्हणाले, "आमची गाडी मांडूचा घाट एका दमात चढते. तुमची काय, ढकलावी लागते ना?"

दाजी मठ्ठा न पिताच उठले. दुसऱ्याच दिवशी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, काढून महूला नेलं आणि घासून पातळ करून आणलं. आत दाब वाढला, गाडीला जोर आला. पण चढ लागला की आतून टण्, टण्, टण्! पेट्रोलची वाफ फार दाबली की ती शिस्तीत जळत नाही, एकदम भडकते आणि पिस्टनवर हातोड्यासारखी आदळते.

सरदारसाहेब, म्हणजे आमचे सरकार, मागे बसले होते. म्हणाले, "दाजी, आत लोहार बसवलाय का?"

मग हसू आवरून पुढे म्हणाले, "दसऱ्यानंतर देवासचे पाहुणे येताहेत. दोन्ही मोटारी बरोबर घाट चढतील. त्या दिवशी लोहार ऐकू आला, तर तुम्ही परत पागेत आणि ही मोटार तुमच्या साडूंच्या हाती."

मी दाजींना म्हटलं, हेडखाली जाड गास्केट घालू, दाब उतरेल. "आणि जोर पण उतरेल! साडू काय म्हणेल?" झालं, विषय संपला.

* * *

सरकारांनी पागेतले साळोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य, तपासायला पाठवले. त्यांनी बॉनेटला कान लावला, डोळे मिटले आणि निदान सांगितलं, "आत साचलंय. पोट साफ करा."

दाजी पोट धरून हसले. साळोत्री गेल्यावर हेड उघडलं तर बोटभर काजळी! दोन दिवस खरवडत बसलो. आवाज चार दिवस निम्मा झाला, मग पुन्हा सुरू. साळोत्रीबुवा मात्र रोज सकाळी मोटारखान्यावरून जाताना ओरडून विचारायचे, "काय दाजी, आज साफ झालं का?" ऐकणारे दाजींकडे वळून बघायचे!

* * *

स्टिअरिंगवर ठिणगीची एक दांडी असे. ती मागे ओढली की ठिणगी उशिरा पडते आणि ठोका थांबतो. दाजींनी घाटावर तालीम करताना ती पार मागे ओढली. लोहार गप्प! पण गाडीचा जोरही गेला, चाल पावलाची झाली.

मागून एक बैलगाडी आली. गाडीवान आमच्या बरोबरीला आला, थोडा वेळ सोबत चालला, मग त्याला दया आली. "ओ दाजी, रस्सी दऊँ कई?"

बैलगाडी पुढे निघून गेली.

* * *

खरा तोडगा काकींनी, म्हणजे दाजींच्या बायकोने सांगितला. "अहो, दूध उतू जायला लागलं की पाण्याचा हबका मारतात. तसं करा की."

दाजी उडालेच! इंजिनाला हवा जाते तिथे थेंब थेंब पाणी सोडायचं ठरलं. पण थेंब थेंब सोडणारं भांडं आणायचं कुठून? दाजी देवघरात गेले आणि महादेवाचं अभिषेकपात्र घेऊन आले. आम्ही ते तारेने बांधलं. आणि खरं सांगतो, लोहार चूप बसला! दाजींनी आनंदाने "हर हर महादेव" म्हटलं आणि त्याच क्षणी वळण आलं. अख्खं पात्र आत कलंडलं. इंजिन गुदमरून बंद.

काकी एवढंच म्हणाल्या, "देवाचं भांडं नेलंत, मग आंघोळ झाल्याशिवाय राहील?" पात्र परत देवघरात गेलं, ते कायमचं.

* * *

उद्या घाट, अशी संध्याकाळ. दाजी हॉर्नचं पितळ पुसत होते. "बापू, घोड्यांचा मला राग नाही रे. पण साडूने ही मोटार माझ्यासमोरून न्यायची म्हणजे..." आणि पुसलेलंच पितळ पुन्हा पुसायला लागले. मला फार वाईट वाटलं. त्या माणसाला मी गुरू मानत होतो.

सकाळी पाहुणे लवकर आले आणि एकच धांदल उडाली. "बापू, टाकी भर!" कोपऱ्यातले हाताला लागले ते डबे मी ओतले, रिकामे मागे बांधले, हँडल मारलं. मागे सरकार आणि पाहुणे, पायरीवर मी आणि भेरू. आमच्या मागे साडूंची मोटार.

घाट लागला. दाजींनी दात आवळले. पहिलं वळण, दुसरं वळण... आवाज नाही! दाजींनी दांडी पुढे ढकलली, गाडी सुसाट निघाली. तरी आवाज नाही! साडू दोन वळणं मागे, आणि आमच्या मागे सगळ्या घाटात कसलातरी गोडसर वास.

वर पोचलो. दाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. सरकारांनी खाली उतरून त्यांची पाठ थोपटली. "शाबास! मोटार तुमचीच. पण दाजी, तो लोहार गेला कुठे?"

दाजींना तरी काय ठाऊक! ते माझ्याकडे बघायला लागले, मी भेरूकडे. भेरूने मागे बांधलेल्या रिकाम्या डब्यांतून आपला जुना डबा उचलला होता. त्याने तो हुंगला, उलटा केला, हलवून पाहिला. मग डबा छातीशी धरून रडवेल्या आवाजात म्हणाला,

"सरकार, लोहार तो म्हारी पेली धार की महुआ पी ने सोई ग्यो!"