अर्ध्या भाकरीचं पथ्य

सिद्धेश्वरच्या कालव्यावर मी सकाळी चालायला जातो, तेव्हा एक म्हातारा रोज दिसतो. सदरा जुन्या मापाचा, आता अंगावर लोंबतो. चालतो तो कडेने, डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडून. वळणावर थांबतो, मागे बघतो, मग निघतो.

एकदा चहाच्या टपरीवर मी त्याला नातू झाल्याचा पेढा दिला. त्याने घेतला नाही.

“डॉक्टरनं आमा दोघांलाबी वजन कमी करा म्हणलं होतं. अर्धी भाकर अन् शिजलेले मूग. गेल्या उन्हाळ्यात बायको वारली. दहाव्याला पोरीनं तिच्या आवडीची पुरणपोळी ठेवली, गुलाबजाम ठेवले. कावळा शिवंना. दुपार झाली. मग मी अर्धी भाकर अन् मूग ठेवले, तर लगेच शिवला.” त्याने बिनसाखरेचा चहा संपवला. “मरून बी तिनं पथ्य मोडलं न्हाई. मी काहून मोडू?”

तो उठला. मीही सोबत निघालो, त्याच्या डावीकडून. त्याने मला हाताने उजवीकडे घेतलं.

वळणावर तो थांबला आणि त्याने मागे बघितलं. मीही थांबलो. मागे मात्र बघितलं नाही.